ओदिलोनची मोपेड आणि जावयाचे पाय

पडदा वर जातो तेव्हा डाव्या हाताला बिअरचा नळ, उजव्या हाताला खिडकी आणि खिडकीबाहेर मार्चचा तिरपा पाऊस. मध्ये आठ खुर्च्या, त्यांवर आम्ही नेहमीचे आठ जण. भिंतीवर काचेत बसवलेली वानेस कालबर्टची जर्सी, आणि बाहेर दारावर लाकडी पाटी: वानेस कालबर्ट समर्थक मंडळ. काल रविवारच्या सायकल शर्यतीत वानेस चौऱ्याण्णवावा आला. त्याआधीच्या रविवारी तर तो शर्यत अर्धी टाकून संघाच्या बसमध्ये जाऊन बसला होता.

घेंट शहराच्या रंगभूमीवर मी तीस वर्षं काढली. वेळ चुकवून प्रवेश करणारे नट पुष्कळ पाहिले, पण त्या सोमवारी ओदिलोनने सगळ्यांवर कडी केली. कॅफेची मालकीण रोझा, जी मंडळाची चिटणीसही आहे, नेमकं तेव्हाच म्हणत होती की पाटी बदलावी. शेजारच्या गावचा योर्बन एकवीस वर्षांचा आहे, दर आठवड्याला पहिल्या दहांत येतो, आणि बिचाऱ्याला अजून मंडळ नाही. तेवढ्यात दार उघडून वानेसचा सासरा ओदिलोन चिखलाच्या बुटांनिशी आत उभा.

त्याने टोपी काढली नाही, बिअर मागितली नाही. पुढच्या बुधवारची शर्यत आपल्याच गावातून जाते, तेवढी होऊ द्या, गुरुवारी काय ते मत घ्या, असं म्हणाला. पाटी उतरली तर मी या दारातून पुन्हा आत येणार नाही, असंही म्हणाला. पन्नास वर्षं तो रोज त्या दारातून आत येत होता. रोझाने गुरुवार दिला.

ओदिलोन व्हेरस्तिखल तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. जन्म तागाच्या गिरणीत गेला. जगात त्याला दोनच गोष्टी कळत, कबुतरं आणि मोपेड. वानेस सतरा वर्षांचा असताना एकदा त्याच्या मोपेडमागे लागला, आणि तेव्हापासून दर मोसमात रोज सकाळी नऊ वाजता हा मेंढीच्या कातड्याचा कोट घालून निघे आणि तो मागच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून सायकल हाणे. कोटाची पाठ कपाटाच्या दाराएवढी रुंद. त्या पाठीआड वारा लागत नाही, म्हणून मागच्याला शर्यतीच्या वेगाची सवय होते. त्या सवयीवर वानेसने एप्रिलच्या मोठ्या रविवारची शर्यत दोनदा जिंकली. ओदिलोनच्या मते दोन्ही विजय मुळात पाठीचे होते, आणि खरं सांगायचं तर गावही फारसं वेगळं मानत नव्हतं. पुढे वानेसने त्याच्याच मुलीशी लग्न केलं. पाठ घरातच राहिली.

आता वानेसचे पाय चालत नव्हते, यावरचा उपाय त्याने कबुतरांच्या ढाबळीत बसून काढला. आमच्याकडे शर्यतीच्या कबुतरांचा एक रिवाज आहे. नराला आठवडाभर मादीपासून वेगळं ठेवायचं. शर्यतीआधी चार मिनिटं ती त्याला दाखवायची, आणि लगेच त्याला टोपलीत घालून दूर पाठवायचं. मादी मात्र ढाबळीतच. मग तो असा परत येतो की बघत राहावं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण जावयावर कोणी करून पाहिलं नव्हतं.

ओदिलोनची मुलगी हादेविख घरोघर फिरून म्हाताऱ्यांना इंजेक्शनं देते, बँडेज बदलते. माणसांच्या खुळेपणाची तिला सवय आहे. तरीही बापाची योजना ऐकून घेतल्यावर तिने विचारलं:

"बाबा, मला दाणे किती घालणार?"

"नटीबाईंकडे राहायचं. नऊ दिवस. त्या चांगलं जेवायला घालतात," ओदिलोन म्हणाला. नटीबाई म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं, पण खोली रिकामी होती आणि मला कोणीतरी बोलायला हवंच होतं.

पाटीचं काय होणार हे हादेविखला ठाऊक होतं. त्या दारातून बाप आत गेला नाही तर त्याचं काय होईल, हेही ठाऊक होतं. तिने बॅग भरली. फोन बापाने काढून घेतला आणि मक्याच्या डब्यात ठेवला, कारण कबुतरांना फोन नसतो. नऊ दिवस ती माझ्याकडे राहिली, माझे जुने पोशाख घालून आरशासमोर हसली आणि संध्याकाळी खिडकीत बसून रस्ता बघत राहिली. तिकडे वानेस रोज सकाळी मोपेडमागे जात होता. दुपारी एकटा आणखी थोडा जातो म्हणाला, तर सासऱ्याने त्याला विश्रांतीला झोपवलं.

बुधवारी शर्यत सुटायच्या जागी ओदिलोनने घड्याळ लावून हादेविख चार मिनिटं दाखवली. दोघांच्या मध्ये स्वतः उभा राहिला. वानेस काहीतरी सांगू पाहत होता, तर हा म्हणाला की आता बोलायचं नसतं, नुसतं बघायचं. मग तिला गाडीत घालून घाईने माझ्या घरी आणलं. मादी शेवटच्या रेषेवर कशाला? ढाबळीतच हवी.

माझं घर चढाच्या मध्यावर आहे. हादेविखला त्याने फाटकाशी उभं केलं आणि स्वतः माझ्यासह माळ्यावरच्या खिडकीत बसला. हातात मक्याचा डबा. कबूतर दिसलं की डबा वाजवून त्याला खाली बोलवायचं असतं, आणि इतक्या वर्षांची सवय हाताला असते.

वळणावर एकच सायकल दिसली. मागे कोणी नाही. वानेस खोगिरावरून उठून असा चढत होता की या मोसमात कोणी पाहिलं नव्हतं. खाली कॅफेतून आरोळी उठली. ओदिलोनने डबा जोरजोरात वाजवायला सुरुवात केली.

आणि वानेस फाटकापाशी आला, ब्रेक दाबले, पाय जमिनीवर टेकवून उभा राहिला. कबूतर घरी आलं होतं. शर्यत अजून चाळीस किलोमीटर पुढे होती.

"अगं ऐक, एक मिनिटच आहे," धापा टाकत तो हादेविखला म्हणाला. वर माळ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. "हे तुला सांगायचंच होतं, तेवढ्यात तुला इकडे आणून ठेवलं. बाबा म्हणतात मोपेड ताशी पंचावन्नने जाते. ती जाते सदतीसने. डिसेंबरपासून. माझ्या सायकलवर आकडा दिसतो मला. तू सांग त्यांना, मला नाही जमत."

"मग पुढे निघून जायचं."

"बाबांच्या पुढे?"

तेवढ्यात घोळका आला, शंभर सायकली, चिखल, गाड्यांचे भोंगे, आणि वानेस त्यातच कुठेतरी पुन्हा मिसळून गेला. एकसष्टावा आला.

डब्याचा आवाज कधी थांबला ते मला कळलंच नाही. ओदिलोन माझ्या शेजारी बसून दाण्यांकडे पाहत होता. रंगभूमीवर शब्द विसरलेल्या नटाकडे प्रेक्षक पाहतात तेव्हा आपण काय करायचं, हे मला ठाऊक आहे. मी खाली जाऊन कॉफी ठेवली.

संध्याकाळी त्याने हादेविखला तिची स्कूटर घेऊन नदीकाठच्या रस्त्यावर बोलावलं. दोघं शेजारी शेजारी गेले. त्याच्या वेगाच्या काट्यावर पंचावन्न, तिच्या काट्यावर सदतीस. मग त्याने मोपेड झाडाला टेकवून उभी केली आणि वाकून पाहिलं. काटा पंचावन्नवरच होता. कित्येक महिने तिथेच अडकून बसला होता, पण उभ्या मोपेडचा काटा कोण बघतो? आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी सदतीसचा वाराही तोंडाला पंचावन्नचाच लागतो.

गुरुवारी कॅफेत मतं घ्यायच्या आधी ओदिलोन उठला. या वेळी टोपी काढली.

"पोराचा फॉर्म गेलेला नाही. माझा गेलाय," तो म्हणाला, आणि काट्याची सगळी हकीकत सांगितली. एक शब्द गाळला नाही.

रोझाने ग्लास पुसायचं थांबवलं. "मग तुझी पाटी काढायला हवी, ओदिलोन. आहे कुठे ती?"

सगळे हसले, तोही हसला, आणि हसताना त्याने नाक पुसलं. ठरलं असं की मोठ्या रविवारी वानेस पहिल्या दहांत आला तर पाटी राहील, नाहीतर योर्बनचं नाव लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मेंढीचा कोट हादेविखच्या अंगावर होता. बाह्या तीनदा दुमडलेल्या, खालचा घेर स्कूटरच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारा. ओदिलोनने स्वतःच्या हाताने तिची बटणं लावली, आणि वाऱ्यात पाठ कशी फुगवायची ते करून दाखवलं. मग तो पुलाच्या कठड्याशी घड्याळ घेऊन उभा राहिला. पंचावन्नने दोघं जण त्याच्यासमोरून गेले तेव्हा त्याची टोपी उडाली. ती त्याने आणली नाही, मीच जाऊन आणली. नऊ दिवस तो तिथे उभा होता.

मोठ्या रविवारी आधीच्या सगळ्या गोष्टी विसरून तो हादेविखला एवढंच म्हणाला की शर्यत होईपर्यंत घरी थांब. ती म्हणाली, बाबा, ढाबळ आता बंद. आणि शेवटच्या रेषेवर जाऊन उभी राहिली.

आम्ही आठ जण कॅफेत टीव्हीसमोर. शेवटच्या चढावर वानेस पुढच्या पाचांत होता, आणि ओदिलोनने रोझाचा हात असा धरून ठेवला होता की तिला नळ उघडता येईना. रेषेवर चौघे त्याच्या पुढे निघाले. पाचवा. खुर्च्या पडल्या, बिअर सांडली, रोझाने बाहेर जाऊन पाटी ओल्या फडक्याने पुसली, जणू ती नवीच लावत होती. टीव्हीवर हादेविख चिखलाने माखलेल्या नवऱ्याच्या गळ्यात पडली होती.

ओदिलोनने त्या चित्राकडे पाहिलं. मग ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पुढच्या चौघांच्या बायका घरी थांबल्या असणार."