हातांबद्दलचा अभिप्राय

धाकूकाका परब दर रविवारी तीनच्या सुमारास जिना चढून येतात. खाली नाट्यगृह आणि वर आमचं कलादालन. चारच्या नाटकाचं तिकीट सदऱ्याच्या खिशात असतं, आणि तोवर वरचं प्रदर्शन बघून व्हायलाच हवं असतं. मी इथे मुलुंडला चौदा वर्षं टेबलावर बसते. दिवे लावायचे, चित्रकारांच्या नातेवाइकांना चित्रांपासून लांब ठेवायचं आणि येईल त्याच्यापुढे अभिप्रायाची वही सरकवायची, हे माझं काम. काकांची आणि माझी ओळख त्या वहीमुळेच झाली.

लोक वहीत काय लिहितात ते सगळ्यांना माहीत आहे. 'अप्रतिम', 'खूप छान', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. हे चित्रं न बघताही लिहिता येतं आणि बरेच जण तसंच लिहितात. काही तर आल्या आल्या वहीत लिहून टाकतात, फोटो काढतात आणि मला विचारतात, चहा कुठे आहे. धाकूकाका आधी लांबून एक फेरी मारतात, मग चष्मा लावून जवळून दुसरी. मग टेबलाशी येतात, पेन झटकतात आणि लिहितात. एका समुद्रचित्रकाराला त्यांनी लिहिलं होतं, 'समुद्र चांगला आहे. होडीला सुकाणू नाही. अशी होडी वेंगुर्ल्यात कुणी पाण्यात घालणार नाही.' एकशे आठ गणपती मांडणाऱ्या बाईंना लिहिलं, 'अकरा बघवले.' बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच लिहिलं होतं.

अक्षर मात्र असं की शिव्या लिहिल्या तरी चौकटीत लावाव्यात. ते त्यांचं पोटापाण्याचं अक्षर. वडील परळच्या गिरणीत, मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं, आणि काका ऐन पंचविशीपासून नाटकांचे बोर्ड रंगवायचे. नाट्यगृहाबाहेर लागणारे ते मोठे बोर्ड, नाटकाचं नाव, नटांची नावं, वार, वेळ, सगळं हातानं. उपनगरातल्या निम्म्या नाट्यगृहांच्या दारात त्यांची अक्षरं उभी असायची. ते सांगतात, "नट नवो असो नाय तर जुनो, काना-मात्रा सारखीच काढूक व्हयी. बोर्डार नाव चढला की माणूस कोणतरी झालो." मग फ्लेक्स आलं आणि एका वर्षात काम संपलं. काका घाटकोपरच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

ब्रश सुटला, पण बघायची सवय सुटली नाही. बोरिवलीला संगीत नाटक, अंधेरीला तरुण मुलांचे प्रयोग, सांताक्रूझला काचेच्या दाराची एक गॅलरी, काकांनी काही म्हणून सोडलं नाही. त्या काचेच्या दारावरच्या रखवालदारानं त्यांना पहिल्या दिवशी 'प्लंबर पीछे से' म्हणून वळवलं. काका मागच्या दारानं आत गेले, सगळी चित्रं बघितली, वहीत लिहिलं आणि पुढच्या दारानं बाहेर आले.

मी एकदा म्हटलं होतं, "काका, कुणाचं तरी पोरगं असतं, जरा गोड लिहा ना. काय जातं तुमचं?"

"खोटा लिवान काय व्हतला गो दीप्ती? माका दिसला ता लिवलंय."

मला ते पटलं. खरं सांगते, मला ते आवडायचंच. गोडगोड बोलणाऱ्यांचा मला आधीपासून कंटाळा आहे. काका गेले की मी त्यांचा अभिप्राय खालच्या बुकिंगवाल्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि आम्ही सगळे हसायचो. आता ते हसणं आठवलं की माझीच मला लाज वाटते.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. काका आत दुसरी फेरी मारत होते आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठीची असेल. निळं लुगडं धुऊन धुऊन फिकं झालेलं, कोपराला कापडी पिशवी अडकवलेली, दोन्ही हात पदराखाली. मला वाटलं, थंडी वाजत असेल. फेब्रुवारीत मुलुंडला कसली थंडी, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

"ताई, जुन्या वह्या ठेवता का तुम्ही? माझ्या लेकराचं प्रदर्शन झालतं हितं. मिथुन वाघमारे. तेरा साली, दिवाळीच्या आदी."

वह्या मी ठेवते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून असतात, कुणी विचारत नाही. मी तेरा सालची शोधत होते तेव्हा बाईंनी आपणहून सांगितलं, नाव मालन, राहायला गोवंडीला, आणि मिथुन मागच्या पावसाळ्यात गेला. छातीचं दुखणं होतं. सदतीस वर्षांचा होता. हे सगळं त्यांनी इतक्या सपाट आवाजात सांगितलं की 'अरेरे' म्हणायलाही मला जागा मिळाली नाही.

वही मिळाली. मिथुनचं प्रदर्शन मला अंधूक आठवत होतं. तीन दिवस होतं, गर्दी नव्हती. गोवंडीतली माणसं काढली होती त्यानं, नळावरची बाई, चहावाला, दारात टेकून उभा म्हातारा. मुलगा स्वतः कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलेला असायचा.

"वाचून दाखीव ना, बाई. मला येत न्हाई वाचायला."

मी वाचायला लागले. 'सुंदर प्रदर्शन.' 'मिथुनला शुभेच्छा, तुझे सर.' 'खूप छान.' मग पान उलटलं आणि समोर ते अक्षर आलं. पहिल्या ओळीवरून नजर गेली आणि मला सगळं आठवलं. याच अभिप्रायावर आम्ही खाली सगळ्यांत जास्त हसलो होतो. मी घसा साफ केला आणि वाचलं, "चित्रं फार आवडली. असेच काढत राहा."

मालनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "हे न्हवं. हातांचं लिवलेलं कुठंय?"

तेवढ्यात पाठीमागून काका आले. त्यांनी काय काय ऐकलं होतं देव जाणे. त्यांनी वही माझ्यासमोरून उचलली, चष्मा वर सरकवला आणि स्वतःचं अक्षर ओळखलं. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. काकांनी एक शब्द न गाळता वाचलं.

"'चेहरे बोलतात. पण एकाही चित्रात हात नाहीत. कुणाचे खिशात, कुणाचे पाठीमागे, कुणाचे पदराखाली. चित्रकार हातांना घाबरतो. ज्याला हात जमत नाहीत त्याने माणसं काढू नयेत, डोंगर काढावेत. धाकू परब, भटवाडी, घाटकोपर.'" मग वही खाली ठेवून म्हणाले, "तो मी."

मला वाटलं, आता ही बाई रडेल, नाहीतर काकांच्या अंगावर धावून जाईल. मालनबाई खुर्चीवर बसल्या. "बरं झालं भेटलात. मी तुमालाच हुडकत आले."

त्यांनी सांगितलं ते असं. मिथुन लहान असताना त्या देवनारच्या कचऱ्यावर भंगार वेचायच्या. काच, पत्रा, तारा. हातांची पार वाट लागली. मग धुण्याभांड्याची कामं बघायला गेल्या, तर दारात आलेल्या बायका आधी हात बघायच्या आणि मग 'नंतर सांगते' म्हणायच्या. तेव्हापासून हात पदराखाली. घरात पाहुणा आला तरी, लग्नात गेल्या तरी.

"पोरगं बघत व्हतं ना सगळं. चित्रं काढायला लागला तवा माझंबी काढलं, पदराखाली हात असलेलं. मग म्हणला, आई, आता सगळ्यांचेच लपवतो. म्हंजे तू एकली दिसायची न्हाईस."

काका उभेच होते. टेबलाची कड त्यांनी धरली होती. मी खुर्ची पुढे केली ती त्यांना दिसलीही नाही.

"माका वाटला, त्याका हात काढूक येनत नाय," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"येत व्हते की. झकास येत व्हते." मालनबाईंनी मान हलवली. "तुमचं वाचून घरी आला अन् म्हणला, आई, एवढ्या लोकांत एकालाच दिसलं. म्हणला, आता तुझे हात काढू दे, त्या माणसाला नेऊन दाखवतो. मी न्हाई म्हणलं. मला लाज वाटली. तर म्हणला, तू दाखवशील तवाच काढीन, तोवर बंद. कुरिअरच्या कामाला लागला. मला वाटायचं, आज ना उद्या आपणच धरंल ब्रश. अकरा वर्सं त्यानं काढलं न्हाई अन् म्या दाखवले न्हाईत."

इतका वेळ सपाट असलेला आवाज इथे फाटला. मला काकांचा राग आला होता, तो कुठे ठेवावा ते कळेना. चूक त्यांची होती, आणि ही बाई ती स्वतःच्या पदरात घेऊन अकरा वर्षं बसली होती.

त्यांनी कोपरानंच पिशवी टेबलावर ढकलली. "त्यातलं काढ, बाई."

आत प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. हॉस्पिटलच्या रिपोर्टची पाठकोरी बाजू. त्यावर बॉलपेननं काढलेले दोन हात, खाटेच्या दांड्यावर टेकलेले. मालनबाई मिथुनला पेज भरवून बसल्या होत्या, पदर खांद्यावर होता आणि हात झाकायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्यानं सिस्टरकडे कागद मागितला. दोन दिवस पुरवून पुरवून काढलं. चौथ्या दिवशी गेला.

"जाताना म्हणला, त्या घाटकोपरच्या माणसाला दाखीव. बघून सांगंल तो. तुमी लिवा आता. खरं काय ते लिवा."

खाली पहिली घंटा झाली. आमच्या जिन्यात स्पीकर आहे, वर स्वच्छ ऐकू येतं. काका तिसऱ्या घंटेला कधीही खुर्चीबाहेर नसतात, हे मी चौदा वर्षं बघत आले आहे. त्यांनी कागद आधी हात लांब करून बघितला, मग डोळ्यांजवळ आणला. तीच पद्धत. मला धडकी भरली, कारण त्यांचं बोट डाव्या हाताच्या करंगळीवर येऊन थांबलं होतं. करंगळी अर्धीच होती. एरवी काकांनी लिहून मोकळं केलं असतं, करंगळी चुकली म्हणून.

"बाय, ही करंगळी अशीच असा?"

"अशीच हाय. पत्र्यानं कापली व्हती."

काकांनी पेन उचललं, वहीवर टेकवलं आणि परत उचललं. "बघल्याशिवाय मी लिवनंय नाय," ते हळूच म्हणाले.

मी ओरडणारच होते. मनात म्हटलं, काका, काही लाजबीज? या बाईकडून आता हेही मागायचं? पण मालनबाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं, आणि मला वाटतं, मिथुननं सांगितलेला माणूस हाच, याची त्यांना तेव्हा खात्री पटली. पदर हलला. डावा हात बाहेर आला, क्षणभर कागदाशेजारी टेकला आणि परत आत गेला. काकांनी हात बघितला, कागद बघितला. दुसरी घंटा झाली. त्यांनी आपल्याच जुन्या अभिप्रायाखाली तारीख घातली आणि लिहिलं. मी वाचून दाखवलं, या वेळी जसंच्या तसं.

"'हात बरोबर आहेत. डावा पडताळून पाहिला. धाकू परब.'"

"एवढंच?"

"एवढंच लिहिलंय, मावशी."

मालनबाई पानाकडे बघत राहिल्या. वाचता येत नव्हतं, तरी ओळीवरून नजर फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "यात त्याचं नाव कुठंय?"

नाव नव्हतं. मागच्या अभिप्रायातही नव्हतं. काकांनी आजवर शेकडो वह्यांत लिहिलं, खाली स्वतःचं नाव पत्त्यासकट घातलं, पण चित्रकाराचं नाव कधी लिहिलं नाही. हे त्यांना आणि मला एकदमच कळलं. काकांचा चेहरा मला बघवेना.

ते खुर्चीवर बसले. माझ्या डब्यातलं स्केचपेन घेतलं, पट्टी घेतली, आणि उरलेल्या कोऱ्या अर्ध्या पानावर शिसपेन्सिलीनं दोन रेघा आखल्या. मग बोर्डाची अक्षरं काढायला लागले. जाड उभी रेघ, बारीक आडवी, कडेला सावली. 'मिथुन'. मग 'धोंडिराम', वडिलांचं नाव मालनबाईंना विचारून. 'वाघमारे'ला जागा पुरेल का ते बोटांनी मोजलं. नव्वद सालच्या सुमारास नाट्यगृहाच्या दारात नायकाचं नाव असंच असायचं.

वहीची शिवण घट्ट होती. पान पुन्हा पुन्हा मिटत होतं. मी पुढे होणार, तेवढ्यात वर न बघता ते म्हणाले, "पान धर गो बाय, हलता ता."

खाली तिसरी घंटा झाली. काकांनी मान वर केली नाही. मालनबाईंनी दोन्ही हात पदराबाहेर काढले, एक इकडे, एक तिकडे ठेवला आणि नाव पुरं होईपर्यंत पान धरून ठेवलं.