एक जूनला जन्मलेलं गाव

बाबांना मी शंभरातून सात वजा करायला लावायचे. दर रविवारी, उरणच्या घरी पोचल्या पोचल्या, पाणी प्यायच्याही आधी. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. पुढे ते अडखळले की मी पुन्हा शंभरापासून सुरू करायला लावायचे.

"आली वजाबाकीवाली," ते आईला हाक मारून सांगायचे. "मना परत शालेन घालते का काय ही?"

मेंदू तपासायची ही चाचणी मी का घेते, ते त्यांना सांगितलं नव्हतं. माझं काम म्हातारपणाचं. रक्तातली जनुकं आणि मेंदूचे एमआरआय एकत्र अभ्यासून मेंदू किती वयाचा दिसतो याचा अंदाज काढायचा आणि तो खऱ्या वयाशी ताडून पाहायचा. मुंबईतल्या लोकांबरोबर मी आमच्या भागातले, मिठागरात राबलेले लोकही घेतले. पहिले तयार झाले ते बाबा. "फोटूच काढाचा हाय ना, मंग काढ." निकाल आले तेव्हा मुंबईकरांचे मेंदू आपापल्या वयाचे दिसत होते आणि मिठागरवाल्यांचे चार-पाच वर्षांनी म्हातारे. नमुन्यांवर नावं नसतात, पण बाबांच्या नमुन्यावरची चिठ्ठी मी स्वतः चिकटवली होती. तो क्रमांक मला पाठ होता. पाहायला नको होता, पण पाहिला. वय त्रेसष्ट, मेंदू अडुसष्टचा.

शोधनिबंध छापून आला. ऊन, खारं पाणी, डोक्यावरची ओझी, कारणं मला भराभर सुचली. माझ्या आजवरच्या कामात सगळ्यांत गाजला तो हाच. परिषदेत टाळ्या पडायच्या आणि मला बाबा दिसायचे, चावी कुठे ठेवली ते शोधत घरभर फिरणारे. मेंदू आत्ताच पाच वर्षं पुढे पळाला असेल, तर आणखी पाच वर्षांनी हा माणूस मला ओळखेल का? एका जागी बसवेना झालं होतं.

मग आत्याची एकसष्टी आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्या घरात दवाखान्यात जन्मलेली ती पहिली, त्यामुळे तिची तारीख पक्की. एकसष्ट दिव्यांनी ओवाळून झालं आणि लोकांनी बाबांना चार शब्द बोलायला उभं केलं.

"ही झाली तवा मी मिठागरान व्हतो," ते म्हणाले. "डोक्यावर मिठाची पाटी. बा बोलला, तुला बहीन झाली, पाटी ठेव आनि जा बघाला. गेलो चालत दवाखान्यान."

लोक हसले. मीही हसले, आणि हसता हसता थांबले. आत्या एकसष्ट, बाबा त्रेसष्ट. दोन वर्षांचं पोर डोक्यावर मिठाची पाटी घेऊन?

मी त्यांना मांडवाबाहेर ओढतच नेलं. "बाबा, शाळेत कधी गेलात तुम्ही?"

"मना काय ठाव! मिठाची पाटी उचलून चार-पाच वर्सां झाली, मंग गेलो." त्यांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवला. "मास्तर बोलला, कानाला हात लागला, झाला सहा वर्साचा. लिवला एक जून."

पाटी उचलायलाच सहा-सात वर्षांचं पोर लागतं, वर ही चार-पाच वर्षं. अकरा वर्षांच्या मुलाचाही हात लागतोच की कानाला! आणि एक जून मला ठाऊक नव्हता असं नाही. अख्ख्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी, ही थट्टा लहानपणापासून आम्हीच करायचो. शाळेच्या दाखल्यावरून आधार कार्ड, आधार कार्डावरून माझा तक्ता. सोमवारी तो उघडला. मिठागरवाल्यांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून. परक्या माणसाला हे कळलं नसतं, मला कळायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढचे दिवस घरोघर विचारत फिरले. बहुतेक सगळे असेच उशिरा शाळेत गेलेले, कानाला हात लावून सहा वर्षांचे झालेले. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. सहकारी म्हणाले, घाई करू नकोस, दुरुस्ती छापू. पण दुरुस्त करायला उरलं होतं काय? त्या माणसांचे मेंदू आपापल्या वयाचेच होते. निबंध मागे घेत असल्याचं पत्र मी पाठवून दिलं.

म्हणजे बाबांना काही झालेलं नव्हतं. फार हलकं वाटलं, दोन दिवस. मग रविवारी घरी गेले तर ते ओट्यावर बसले होते, आणि मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस अडुसष्टचा आहे. ज्या पाच वर्षांची मला एवढी धास्ती होती ती त्यांच्या मेंदूतून गेली खरी, पण त्यांच्या वयात येऊन बसली. ते त्रेसष्टचे म्हणून ही पाच वर्षं अजून त्यांच्यापुढे आहेत असं मी धरून चालले होते. ती त्यांनी लहानपणीच मिठागरात जगून संपवली होती.

"आज वजाबाकी न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. संध्याकाळी परत निघायचं होतं, निघाले नाही.