शीवच्या चढावर सांगितलेलं

रामजी गिरगावातल्या एका सॉलिसिटरांकडे तरुणपणापासून ड्रायव्हर होता. साहेब वारले, त्यांच्या मुलानं, हेमचंद्रनं, नवी मोटार घेतली आणि जुनी काळी मोटार रामजीला देऊन टाकली. नायगावच्या त्याच्या चाळीत मोटार असलेला तो एकटाच. लग्नकार्य असो, बाळंतीण असो, लोक रामजीला हाक मारायचे.

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाला, तेव्हा लालबागहून जखमींना त्यानं याच गाडीतून इस्पितळात पोचवलं. दर खेपेला एक माणूस फूटबोर्डवर उभा राहून रस्ता मोकळा करायला ओरडत होता. तो लवू. मालवणकडचा, गिरणीत मागाचे साचे चालवणारा. तेव्हापासून दोघांची दोस्ती जमली. समितीच्या सभांना बरोबर जायचे. रामजीनंच त्याला गाडी चालवायला शिकवलं.

पुढच्या वर्षी रामजीला काचबिंदू झाला. समोरून येणारी बस त्याला धुरासारखी दिसू लागली. लवूला गिरणीचा कंटाळा आला होता. त्यानं बायकोच्या, शेवंतीच्या, पाटल्या मोडल्या आणि भाड्यानं चालवायला गाडी मागितली.

सौद्याआधी तिघे शीवपर्यंत चक्कर मारायला गेले. लवू चालवत होता, रामजी शेजारी, मागे लवूचा मेहुणा शिवा. चढावर रामजीनं गाडी थांबवायला लावली आणि बॉनेट उघडलं.

"हे बघ. इंजिनाच्या ब्लॉकला चीर आहे, वेल्डिंग करून घेतलंय. शहरात वर्षानुवर्षं चालेल. घाटात मात्र नेऊ नको."

"घाटात कोण नेतंय, रामजीदादा? लालबाग ते फोर्ट, बस."

शिवा खाली उतरून बाजूलाच विडी ओढत होता.

नोव्हेंबरात पंतप्रधान येणार म्हणून प्रतापगडावर काळी निशाणं घेऊन जायचं ठरलं. मुंबईतून मिळेल त्या वाहनानं माणसं निघाली. लवूनंही चौघांना भरलं. पोलादपूरच्या पुढे घाटात ब्लॉक फुटला. बॉनेट उघडताना उकळतं पाणी उडून त्याचा उजवा हात भाजला. मोर्चा गडावर गेला, लवू रस्त्याच्या कडेला हात धरून बसून राहिला.

परत आला तो थेट रामजीच्या खोलीवर.

"फसवलंस मला."

"लवू, मी शीवला सांगितलं होतं."

"गाडी गरम होते, एवढंच म्हणालास. चिरेचं नाव काढलं नाहीस."

"शिवा होता ना तिथं. त्याला विचार."

लवू वळून निघून गेला. कदाचित त्या क्षणी तो खरंच विसरला असेल. हाताची बोटं वळत नव्हती, साचे चालवणंही संपलं होतं, आणि त्याला कुणीतरी दोषी हवा होता.

रामजी शिवाला भेटायला माहीमला गेला. शिवानं त्याला घरात घेतलं नाही, रस्त्यावरच उभं केलं.

"त्या दिवशी शीवला ऐकलंय मी सगळं," शिवा म्हणाला. "पण बहिणीचं घर आहे ते. तुमच्या बाजूनं बोललो तर ती मला दारात उभं करणार नाही."

"खरं तेवढंच बोल, माझ्या बाजूनं नको."

"ते एकच झालं की, रामजीदादा."

लालबागला लवूच्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत वाद मिटवायला बैठक बसली. शिवानं मान खाली घालून सांगितलं, "मी लांब होतो, काही ऐकू आलं नाही." मागून कुणीतरी रामजीच्या जातीला धरून हळूच म्हणालं, "ह्या लोकांचं असंच." रामजीनं ते ऐकलं. लवूनंही ऐकलं.

समितीचा कार्यकर्ता रमाकांत शिकलेला, भला माणूस होता. त्यानं रामजीला गॅलरीत नेलं.

"मला तुमचं खरं वाटतं. पण तुमच्या आणि लवूच्या, दोन्ही चाळींत आजच बोलाचाली सुरू झालीय. उद्या हाणामारी होईल. सांगायचं राहून गेलं, एवढं म्हणा. मोठ्या कामासाठी."

"मी सांगितलं होतं, रमाकांत."

"माहीत आहे मला."

रामजी आत गेला आणि म्हणाला, "सांगायचं राहून गेलं माझ्याकडून." वाद मिटला. गाडीचे पैसे तो थोडेथोडे फेडणार असं ठरलं.

त्याची बायको सुंदराबाई त्या रात्री जेवली नाही. "पैशाचं जाऊ दे," ती म्हणाली. "खोटं तुम्ही का पत्करलंत?" रामजीला वाटलं होतं, आठ दिवसांत लोक विसरतील. पण ज्यांना आधी शंका होती त्यांचीही खात्री झाली होती. त्याच्याच चाळीत कुणी काही विकायला काढलं की चेष्टा व्हायची, "रामजीची गाडी तर नाही ना?" सभांना जायचं त्यानं सोडलं.

रे रोडला लाकडाच्या वखारीत तो राखणदार झाला. डोळे जात राहिले. ओंडके तो हातानं चाचपून ओळखायचा. लवूची गाडी घाटातच भंगारात गेली. एका हातानं तो गिरणीच्या दारात भजी विकू लागला. पैशाचा हप्ता घ्यायला शेवंती यायची, उंबऱ्याबाहेर उभी राहायची, घेऊन जायची.

साठच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं. चाळीवर दिवे लागले, खाली लेझीम घुमू लागलं. शेजाऱ्यांनी सुंदराबाईला खाली बोलावलं. तिनं रामजीला विचारलं, "चलता?"

"तू जा," तो म्हणाला. "मला काही दिसायचं नाही."

ती गेली नाही. दोघं आत बसून राहिली.