भुईचाफ्यावर पेटलेली चूल

हिर्डोशीला रस्ता रुंद करताना जेसीबी सासूबाईंच्या परसावरून गेला आणि त्यांचं भुईचाफ्याचं सगळं बेट मातीत गेलं. उरलेले मूठभर कंद ओच्यात घालून त्या भोरला आमच्याकडे आल्या. "एवढंच हाताला लागलं. जपा, पाव्हणं."

मी बागकामावरचे व्हिडिओ बघणारा माणूस. कंद घरामागे स्वतः लावले, भोवती तीन दगडांची खूण केली. घरात कुणाला सांगितलं नाही. इतकी ठळक खूण असताना सांगायचं काय?

भुईचाफा थंडीत पानं टाकून जमिनीखाली झोपतो. वर नुसती माती दिसते. उन्हाळ्यात आधी थेट जमिनीतून फूल येतं, पानं मागाहून.

एप्रिलमध्ये सासूबाई कुरडया करायला आल्या. रविवारी मी जरा उशिराच उठून मागे गेलो, तर माझ्या तीन दगडांवर गव्हाच्या चिकाचं भलंमोठं पातेलं आणि खाली जाळ.

"दगडं आयतीच मांडलेली," सासूबाई खुशीत म्हणाल्या. "आन जागाबी मोकळी."

मी गुपचूप एकेक लाकूड मागे ओढत राहिलो.

"आवो, चीक कच्चा ऱ्हाईल. जाळ का कमी करताय?"

"खाली तुमचा भुईचाफा आहे."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की चुलीची धग बरी. सासूबाईंनी मात्र लाकडं परत आत सारली. तीन दिवस भिजवलेला गहू होता. त्यांनी चीक शिजवला, पातेलं उतरवलं, निखारे ओढून काढले आणि तापल्या मातीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसल्या.

मंगळवारी जायच्या होत्या, पण राहिल्या. रोज सकाळी चहाचा कप घेऊन राखेपाशी बसायच्या. मीही लांबून डोकवायचो. जवळ जायची छाती नव्हती.

बारा दिवसांनी मी त्यांना स्टँडवर सोडायला स्कूटर काढली. पिशवी हातात घेऊन त्या सहज मागे गेल्या आणि आल्याच नाहीत. बघायला गेलो, तर राखेला भेग पडली होती, आणि पांढरी, मधे जांभळी अशी दोन फुलं जमिनीला टेकून उमलली होती.

"दोनच आली," मी अपराधी आवाजात म्हणालो.

"दोन लई झाली." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच बसकण मारली.

"एसटी चुकेल."

"मग तुमीच जावा की एसटीनं," त्या फुलांवरून नजर न काढता म्हणाल्या. "मी हाय हितं."