घरच्या माणसाच्या पापण्या

रफूवाली मावशी डोळ्यांवर जगत होती, असं म्हटलं तर कुणाला ते शोभेचं वाक्य वाटेल. पण ते अगदी शब्दशः खरं होतं. धुलाईच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं टेबल. सिगारेटनं जळलेली बाही, उंदरानं कुरतडलेला कोट, खिळ्यात अडकून फाटलेली शाल, सगळं तिच्याकडे यायचं. कापडाच्याच आतल्या दुमडीतून धागा उपसून ती भोक असं बुजवायची की नंतर मालकालाही ते सापडू नये. लग्न तिनं केलं नाही. बहीण गेली तेव्हा बहिणीची मुलगी पदरात घेतली, आणि आयुष्य तिथंच खर्ची पडलं, आनंदानं.

भाची मोठी झाली, पार्लरचं काम शिकली. शिकायला एक चेहरा लागतो, तो मावशीचा. एकदा अर्धी भुवई उडाली. एकदा केसांना तांब्याच्या भांड्याचा रंग आला. दुकानातला इस्त्रीवाला म्हणाला, "मावशी, आता काय पेरलंय तुमच्यावर?" मावशी हसून म्हणाली, घरच्या माणसावर नाही शिकणार तर कुणावर? वाक्य मुळात भाचीचं. मावशी ते दागिन्यासारखं मिरवायची.

पुढे भाचीनं स्वतःचं पार्लर थाटलं आणि एका दुपारी मावशीला तिथं आडवं केलं. खऱ्या पापण्यांच्या एकेका केसाला खोटा केस चिकटवायचा. गोंद नवा आहे, म्हणाली, लगेच धरतो. डोळ्यांना काही होणार नाही ना, त्यांच्यावरच पोट आहे, असं मावशीनं विचारून पाहिलं.

"मावशी, मी तुझं वाईट करीन का?"

मावशीनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतही चुरचुरायला लागलं, पाणी सुटलं. चुरचुरतंय म्हणजे धरतंय, भाची म्हणाली, हलू नकोस. मावशी हलली नाही.

सकाळी पापण्या भिजलेल्या उशीसारख्या फुगल्या होत्या. फोनवर भाची म्हणाली, होतं असं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेव. मग मावशीचं कसबच तिच्या आड आलं. दुसरी एखादी डॉक्टरकडे धावली असती. ही आरसा आणि रफूचा चिमटा घेऊन बसली आणि बिघडलेली रफू उसवावी तसे एकेक केस मुळातून सोडवू लागली. पण कापड ओरडत नाही, पापणी ओरडते. खोट्याबरोबर खरा केस उपटून आला, हात दचकला आणि चिमट्याचं टोक बुबुळाला लागलं.

भाचीच तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मलम घालून एका डोळ्यावर पट्टी बांधली. दुसरा सुजून मिटलेलाच होता. बाई रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. चुरचुरणं ही धोक्याची खूण, तिथंच थांबायचं असतं. असला गोंद आधी कानामागे थेंबभर लावून एखाददोन दिवस वाट बघायची असते. आणि चिकटलेलं कधीच स्वतः उपटायचं नाही. ओरखडा भरून येईल. डाग राहील का, ते आज सांगता येत नाही. सुईकाम बंद.

"हिनंच उपटल्या हो," भाची मध्येच म्हणाली. "कुणाचं ऐकेल तर शपथ."

बाई थेंब आणायला आत गेल्या. डोळे बांधलेल्या माणसाला ऐकूही येत नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. भाची भिंतीकडे जाऊन पार्लरमधल्या मदतनीस मुलीशी फोनवर बोलत होती.

"ती गोंदाची बाटली फेकून दे. त्या गिऱ्हाईक बाईंच्या कानामागे लाल झालं होतं ना, म्हणून तर आधी घरच्या माणसावर लावून बघितला."

केसानं गळा कापला असं लोक म्हणतात. मावशी त्यावर नेहमी हसायची, केसानं कुठं गळा कापतो म्हणून. आता ती बाकावर सरळ बसून राहिली. अर्धी भुवई आठवली, तांब्याचे केस आठवले. इतकी वर्षं ज्याला ती माया समजत होती, त्याला आतून अस्तरच नव्हतं. रडायचीही सोय नव्हती. पट्टीखाली पाणी झोंबत होतं.

भाची शेजारी येऊन बसली, तेवढ्यात डॉक्टरीणबाई परत आल्या. म्हणाल्या, हे आणखी कुणाला व्हायला नको, लावणारीशी मला बोलायचंय. "कोण आहे ती? ओळखीतली का?"

भाचीचा हात मावशीच्या गुडघ्यावर आला आणि दाबला गेला. मावशीनं तो उचलून बाकावर ठेवला.

"ही शेजारी बसलीय ती," मावशी म्हणाली. "ओळख म्हणाल तर आत्ताच झाली."

बाईंनी थेंबांची बाटली उघडली. मग बाईंनी विचारलं, घरी थेंब घालायला कोण आहे? मी आहे ना, भाची रडवेल्या आवाजात म्हणाली आणि बाटलीसाठी हात पुढे केला.

"मलाच शिकवा," मावशी म्हणाली. "न बघता घालता येतात का?"