ठोकळेवाले मिस्त्री

ठोकळेवाले मिस्त्री सकाळी गॅरेजचं दार उघडतानाच थकलेले असायचे. कुलपात किल्ली फिरवायची, "थकलो बापा" म्हणायचं आणि मग दार लोटायचं, हा रोजचा क्रम. नवख्या माणसाला वाटे, आज इथे आपलं काम होणं कठीण दिसतंय. पण दिवसभरात तीन-चार गाड्या त्यांच्या हाताखालून जात, आणि संध्याकाळी दार लावताना ते सकाळपेक्षा जास्त थकलेले दिसत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की सकाळीच थकून घेतलं म्हणजे दिवसभर कोणी घाई करा म्हणत नाही.

हे ऐंशीनंतरच्या वर्षांतलं. गॅरेज सौसरच्या बाहेर, बोरगावच्या रस्त्याला होतं. मी एका सरकारी खात्याची जीप चालवायचो. ती जीप महिन्यातले पंधरा दिवस साहेबांच्या सेवेत आणि पंधरा दिवस मिस्त्रींच्या ताब्यात असे, आणि तिच्याबरोबर मीही. त्या गॅरेजपुढच्या कडुनिंबाखाली माझ्या नोकरीतला इतका काळ गेला की पेन्शनीतला थोडा हिस्सा त्या झाडाच्या नावानं काढायला हवा होता.

मिस्त्रींना ते नाव पडलं आठ ठोकळ्यांमुळे. जुन्या बाभळीचे, तेल पिऊन काळे झालेले, हातभर लांबीचे ठोकळे. गाडी जॅकवर चढवली की त्यांचा सोहळा सुरू व्हायचा. ठोकळे एकावर एक आडवे-उभे रचायचे, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, जॅक हलकेच सैल करून गाडीचा भार त्यांच्यावर द्यायचा, मग खांदा लावून गाडी हलवून बघायची. तेवढं झालं की मगच खाली शिरायचं. "जॅक उचलते, धरत नाही," हे त्यांचं वाक्य तिथं येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होतं. आम्ही त्यांची नक्कल करायचो. ते ऐकायचे आणि ठोकळे रचत राहायचे.

आमच्याकडे रस्त्यात गाडी बंद पडली की ड्रायव्हर आजूबाजूचा धोंडा उचलून खाली लावतो. मिस्त्रींना धोंड्याचा भयंकर राग. "लाकूड मोडाच्या आधी बोलते," ते सांगायचे. "कुरकुरते, तुले बाहेर निघाले टाइम देते. धोंडा काहीच नाही बोलत, एकदम फुटते." मी पांढुर्ण्याचा, जिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांवर गोटे मारतात. धोंड्याबद्दल आम्हाला काय सांगता, असं मी हसून म्हणायचो, पण ते काही हसायचे नाहीत.

त्यांची उमेदवारी नागपुरात एका उस्तादाकडे झाली होती. ते सांगत, सुरुवातीला लॉरी उचलायची तर सहा माणसं आणि एक सागाची बल्ली लागायची. बल्लीचं टोक एक्सलखाली घालायचं, मध्ये टेकू द्यायचा, पाच जणांनी दुसऱ्या टोकावर लोंबकळायचं आणि सहाव्यानं देवाचं नाव घेत चाक काढायचं. मग कुठल्याशा विलायती लॉरीबरोबर स्क्रूचा जॅक आला. उस्ताद तो फडक्यात गुंडाळून ठेवायचा, त्याला हात लावायची परवानगी मिळायला मिस्त्रींना वर्ष लागलं. त्यानंतर दात्यांचा जॅक आला. त्याचा दांडा उलटा उसळायचा. मिस्त्रींचे पुढचे दोन दात त्याच्याच खात्यावर. शेवटी आला तेलाचा. सगळं जग त्याच्यावर खूश, मिस्त्री सोडून. त्यांचं म्हणणं असं: "स्क्रूचा जॅक माणसाले थकवते, पण स्वतः थकत नाही. तेलाचा जॅक माणसाले थकू देत नाही, तोच थकून जाते. अन् थकला हे सांगत नाही."

गॅरेजचा मालक तरुण होता आणि वाईट नव्हता. संत्र्याच्या हंगामात ट्रकांची रांग लागे, आणि एकेका ट्रकापाशी मिस्त्रींचा तो सोहळा बघून त्याचा जीव खालीवर व्हायचा. त्यानं नागपूरहून चाकांचा, लांब दांड्याचा तेलाचा जॅक आणला. दहा वेळा दांडा मारला की ट्रकचं तोंड वर. आम्ही सगळे दांडा मारून बघायला धावलो. मिस्त्रींनी जॅकभोवती एक फेरी मारली, त्याच्या बुडाशी बोट फिरवलं, बोटाला तेल लागतंय का पाहिलं आणि ठोकळे आणायला गेले.

आणि मग ते ठोकळे गेले. मालकाच्या बहिणीचं लग्न होतं. आचाऱ्याला जळण कमी पडलं, म्हणून घरच्या कुणीतरी गॅरेजमागे पडलेली जुनी लाकडं बैलगाडीत घालून नेली. वाळलेली बाभूळ, त्यातून तेल प्यालेली. आचारी खूश झाला असणार. मिस्त्री लग्नाला आले होते, पंगतीत जेवले, आणि हात धुवायला चुलीकडे गेले तेव्हा त्यांना त्यातला एक ठोकळा अर्धा जळालेला दिसला. दुसऱ्या दिवशी आरा मशीनवर जाऊन त्यांनी नवे आठ कापून आणले. पण लाकूड ओलं होतं. ते वाळेपर्यंत मी गाडीखाली शिरणार नाही आणि कोणाला शिरूही देणार नाही, असं त्यांनी मालकाला सांगितलं. मालकानं हात जोडले, नंतर आवाज चढवला, नंतर दुसरा मिस्त्री बघतो म्हणाला. मिस्त्री म्हणाले, पाहा. ते वरची कामं करत राहिले आणि ठोकळे सावलीत वाळत राहिले.

त्याच दिवसांत माझ्या जीपच्या पुढच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा तुटला. दुपारी साहेबांना पांढुर्ण्याला न्यायचं होतं, आणि साहेब असे की गाडी उशिरा आली तर माणसाशी आठवडाभर बोलत नसत. मी आणि मालकानं मिळून नव्या जॅकवर जीप उचलली, चाक काढलं. मालक आत गेला. बोल्ट खालूनच निघणार होते. मिस्त्री झाडाखाली भाकर खात बसले होते. त्यांनी मला आडवं होताना पाहिलं.

"खाली नको जाऊ," ते म्हणाले.

"पाच मिनटाचं काम हाय, मिस्त्री."

"मराले पाच मिनटं बी नाही लागत."

मी ऐकलं नाही. त्यांचं बोलणं मला पाठ होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीकडे माणसाचं लक्ष नसतं. ऊन मी म्हणत होतं. दोन बोल्ट निघाले, तिसऱ्याला पाना लावला आणि मला वाटलं, अंगावरची सावली जरा जवळ आली. आवाज काहीच नव्हता. पुढच्या क्षणी छातीवर लोखंड टेकलं आणि माझा श्वास आत येईना. मला मिस्त्रींचे पाय धावत येताना दिसले. काढलेलं चाक तिथंच पडलं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी जीपखाली रेटलं. जीप त्या चाकावर बसली आणि थांबली. त्यांचा उजवा हात मध्ये होता.

नागपूरच्या दवाखान्यात अंगठा आणि दोन बोटं काढावी लागली. माझ्या छातीवर फक्त काळानिळा डाग होता, तो पंधरा दिवसांत गेला. त्या दिवशी साहेब बसनं पांढुर्ण्याला गेले आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. मालकानं नंतर गाडीला खालून टेकू द्यायला लोखंडाच्या चार घोड्या बनवून घेतल्या आणि त्या लावल्याशिवाय तो कुणाला खाली शिरू देईना. मिस्त्रींना त्यानं राखणीला बसवायचं म्हटलं, पण अंगठ्याशिवाय पाना धरता येत नाही आणि पाना न धरता त्या आवारात बसणं त्यांना जमलं नाही. ते जाम नदीपलीकडे सावरगावला आपल्या घरी निघून गेले.

मला त्यांच्याकडे जायला चार महिने लागले. रोज उद्या जाऊ म्हणायचो. खरं सांगायचं तर मला त्यांचा हात बघायची हिंमत नव्हती.

गेलो तेव्हा दारात काकू होत्या, मिस्त्रींच्या पत्नी. त्यांची-माझी जुनी ओळख. मिस्त्रींच्या डब्यात माझ्यासाठी एक जास्तीची भाकर त्या वर्षानुवर्षं घालत आल्या होत्या. त्या दारातून बाजूला झाल्या, पण बस म्हणाल्या नाहीत. मिस्त्री आत खाटेवर होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या मुलींच्या शाळेचं विचारलं. जीप अजून चालते का, विचारलं. उजवा हात त्यांनी पूर्ण वेळ पांघरुणाखाली ठेवला होता.

बराच वेळ झाला तरी काकूंनी पाणी आणलं नाही. मिस्त्रींनी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ते स्वतःच उठले, माठापाशी गेले आणि डाव्या हातानं पेला भरून आणू लागले. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं.

"पी," ते म्हणाले. "तू उन्हातून आला."

मी प्यालो. काकू फडकं घेऊन आल्या, सांडलेलं पाणी त्यांनी खाली बसून पुसलं. मी रिकामा पेला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.