आत्याच्या गिअरबॉक्सचा पंचनामा

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शोरूम उघडल्या उघडल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी, एसीखाली, काचेच्या टेबलासमोर. अन्याय करणाऱ्यानं टाय घातला होता आणि तो तिला ‘मॅडम’ म्हणत होता. ही नोंद मी मुद्दाम आधी करतोय, कारण पुढं जे घडलं त्याचं खापर आमच्या गावावर फोडायची काही लोकांना फार घाई झाली आहे.

आत्याचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. ती तलवाड्याच्या आसपासच्या गावांत शिवणक्लास घेते. पूर्वी कुठं जायचं म्हटलं की भावाची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोटारसायकल रिकामी होईपर्यंत ओट्यावर बसून राहायचं. वर ते विचारणार, “आता काहून जायचं हाय?” मग तिनं जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. उजव्या पायानं ब्रेक आणि रेस, संपलं. तेव्हापासून तिनं कुणाला विचारलं नाही. उलट वडीलच विचारतात, “गेवराईला चाललीस तर मला सोडतीस का?” आणि ती म्हणते, “काहून जायचं हाय?”

ती गाडी गचके द्यायला लागली. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं व्हायचं. गाडी गेली तर आत्या पुन्हा ओट्यावर. एवढाच सवाल होता, आणि तो साधा नव्हता.

टायवाला म्हणाला, “मॅडम, गिअरबॉक्स लाइफटाइम सील आहे. तेल बदलायचं नसतं. हातच लावायचा नाही.”

मी शांतपणे विचारलं, “लाइफ म्हणजे कुणाची लाइफ?”

“गाडीची, सर.”

“गाडीची लाइफ किती?”

“गिअरबॉक्स चालतोय तोवर, सर.”

म्हणजे तेल कधीपर्यंत टिकणार, तर गिअरबॉक्स जाईपर्यंत. आणि गिअरबॉक्स कधी जाणार, तर तेल संपल्यावर! हे ऐकून माझं डोकं तापलं. मी टेबलावर हात आपटला. काच जाड होती, हात सुजला. आत्या म्हणाली, “चल, उठ. तुझ्या हातालाच आता तेल लावावं लागंल.”

आम्ही गेवराईत चाचांकडं गेलो. चाचा म्हणजे गावातल्या निम्म्या गाड्यांचे मेकॅनिक आणि उरलेल्या निम्म्यांचे टीकाकार. त्यांनी गाडी चालवून पाहिली, उतरले, बिडी पेटवली. “खोलायला मी खोलतो. पण असला गिअरबॉक्स मी एकदाच खोललाय, आन् त्या गाडीचा मालक अजून माझ्याशी बोलत न्हाई. उद्या हिचं काय झालं तर तुमचं गाव म्हणणार, चाचानं बिघडवली. आधी बिघडलेली व्हती, हे सांगायला माणसं लागतील.”

इथं माझा अनुभव कामाला आला. बोगस बियाण्यांच्या आंदोलनात मीच पत्रकं लिहिली होती, मीच वाटली होती. त्यात ठळक अक्षरांत छापलेलं होतं: पंचनामा केल्याशिवाय पिशवी फोडू नका, नमुना प्रत्येक पंचाकडं ठेवा. सील ते सील, बियाण्याचं असो की गिअरबॉक्सचं. मी गावातून पाच पंच बोलावले. पाचही जण आंदोलनातले, तापलेले, आणि पाचही जण येताना आपापली बाटली घेऊन आले. ही शिस्त बघून माझा ऊर भरून आला. बाटल्या मात्र एका मापाच्या नव्हत्या. कुणाची पाण्याची, कुणाची फवारणीच्या औषधाची धुतलेली, आणि एकाची तर सरबताची, तळाला गुलाबी थर असलेली.

चाचांनी खालचा बोल्ट सोडला. तेल आलं ते काळंकुट्ट, उसाच्या मळीसारखं, जळका वास मारणारं. पंचांनी ‘शेम शेम’ केलं. मी घोषणा दिली, त्यांनी साथ दिली, शेजारचा पंक्चरवालाही कारण न विचारता सामील झाला. मग ट्रेमधलं सगळं तेल पाच बाटल्यांत भरून घेतलं, झाकणं लावली, सह्या झाल्या, आणि पंच आपापल्या गाड्यांवर बसून विजयी मुद्रेनं गावाकडं गेले.

चाचा गाडीखालून बाहेर आले. “निघालं किती?”

“काय?”

“अरे, तेल! याला डिपस्टिक न्हाई, बाहेरून बघायला काय न्हाई. जितकं निघालं तितकंच भरायचं आसतंय. कमी पडलं तरी गिअरबॉक्स जातो, जास्त झालं तरी जातो.”

मी ट्रेकडं बघितलं. ट्रे पुसून स्वच्छ होता. पंचांनी कर्तव्य चोख बजावलं होतं.

आत्या स्टुलावर बसली होती. तिनं आवाज चढवला नाही, तेच वाईट. “जा. बाटल्या घेऊन ये.”

मी चाचांची मोटारसायकल मागून घेतली आणि गावात गेलो. पहिल्या पंचानं बाटली लगेच दिली. दुसऱ्यानं घरातल्या दारा-खिडक्यांच्या बिजागऱ्यांत अख्खी बाटली रिकामी केली होती, दार उघडून-मिटून दाखवत म्हणाला, “ऐक, आवाज येतो का?” तिसरा गोठ्यात होता. त्यानं सगळं तेल म्हशीच्या खरजेला चोपडलं होतं. म्हैस काळीच, त्यामुळं कुठं किती लागलं हेही कळेना. “म्हशीला मोजायचं कसं बे?” मी ओरडलो. “तू नमुना घे म्हणलास, जपून ठेव म्हणलास. म्हशीपेक्षा जास्त जपून काय हाय आमच्याकडं?” तो म्हणाला. चौथ्याची बाटली वाटेतच खड्ड्यात आपटून फुटली होती. ही जबाबदारी बांधकाम खात्याची, हे मी तिथंच जाहीर केलं.

पाचवा सगळ्यात प्रामाणिक. त्यानं झाकणावर लाख ओतली होती, वर दोरा गुंडाळला होता, बाटली देवघराच्या फडताळात ठेवली होती. तो देईना. “हा पुरावा हाय. पंचांसमोर सील केला, पंचांसमोरच फोडीन.” मी त्याला विनवलं, धमकावलं, माझ्याच पत्रकातली वाक्यं त्याला ऐकवली. त्यानं उलट मलाच त्यातली पुढची वाक्यं ऐकवली. मग नाइलाजानं सगळे पंच परत गोळा केले आणि आम्ही सहा जण दोन बाटल्या घेऊन गेवराईला गेलो.

तोवर चाचांनी पुण्यात गॅरेज चालवणाऱ्या मेव्हण्याला फोन लावला होता. मेव्हण्यानं आधी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, मग बाटल्यांशिवायचा मार्ग सांगितला. नवीन तेल थोडं जास्तच भरायचं, इंजिन चालू ठेवून सगळे गिअर फिरवायचे, जरा गरम होऊ द्यायचं आणि बाजूचा लेव्हलचा बोल्ट सोडायचा. जास्तीचं तेल आपोआप बाहेर येतं; धार बारीक झाली की बोल्ट बंद. अट एकच: गाडी एका पातळीत पाहिजे.

चाचांचं गॅरेज नाल्याकडं उतरतं. मागच्या चाकांखाली फरशा सरकवल्या आणि गाडी समतल झाली का, यावर पंचांत फूट पडली. तिघं म्हणाले झाली, दोघं म्हणाले नाही. मी लोकशाही मार्गानं हात वर करायला सांगितले.

“तुम्ही हात वर करा न्हाई तर पाय,” आत्या म्हणाली, “पाणी मतदान करत न्हाई.” समोर बांधकाम चालू होतं. तिनं तिथल्या गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी मागवली, एक टोक पुढच्या चाकाच्या आसाशी धरायला लावलं, दुसरं मागच्या. पाण्यानं सांगितलं, अजून एक फरशी. पाचही पंच एकाच फरशीला हात लावायला धावले. आंदोलनाच्या एवढ्या दिवसांत मी हे दृश्य कधी पाहिलं नव्हतं.

मग तेल गेलं, इंजिन चाललं, बोल्ट सुटला, लाल स्वच्छ धार बारीक झाली, चाचांनी बोल्ट आवळला. फरशा काढून आत्यानं गाडी रस्त्यावर घेतली. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर गेली, आणि लाथ बसली नाही. बारीकसा धक्का होता, ओळखीच्या माणसानं खांद्यावर थाप मारावी तसा. चाचा म्हणाले, एका खेपेत सगळं जुनं तेल निघतच नाही, अर्धंअधिक आतच राहतं. थोडी चालवून पुन्हा बदला. आत्या ऐकायला थांबली नव्हती. तिचा शिवणक्लास होता, बायका वाट बघत होत्या. आम्हा सहा जणांना तिनं गाडीत घेतलंही नाही. “सगळ्यांच्या कपड्याला तेल हाय,” म्हणाली.

शोरूमला मी निवेदन दिलं. त्यांनी उत्तर दिलं की सील तुम्हीच तोडलंय, आता आमची जबाबदारी नाही. अहो, होती कधी?

म्हणून वाचणाऱ्या माणसा, तुझ्या दारात ऑटोमॅटिक गाडी असेल तर हे वाचून नुसती मान हलवू नकोस. उद्या सकाळी शोरूमला जा. लाइफ म्हणजे किती वर्षं, किती किलोमीटर, हे सही-शिक्क्यानिशी लेखी माग. चहा दिला तरी उठू नकोस. लेखी देत नसतील तर तेल बदलून घे.